तुमची गाडी क्लासिक झाली का? वय मोजायची रीत

माझ्या व्हॅनवरच्या कारखान्याच्या पाटीवर सप्टेंबर १९८८ असं ठोकलेलं आहे. मला तिची क्लासिक म्हणून नोंद करून हवी होती, आणि त्याला तीस वर्षं लागत होती. १९८८ मध्ये तीस मिळवले की २०१८. म्हणून सप्टेंबर २०१८ उजाडताच मी अर्ज भरला, गाडी धुऊन-पुसून फोटो काढले, तपासणीची वेळ घेतली. दोन आठवड्यांत सगळं बाड परत आलं. वर एकच ओळ: तीस वर्षं पूर्ण नाहीत. मला वाटलं, कारकुनाचं गणित चुकलं. चुकलं होतं माझं. व्हॅन कारखान्यातून सप्टेंबरमध्ये निघाली खरी, पण गिऱ्हाईक मिळेपर्यंत चौदा महिने विक्रेत्याच्या आवारात उभी होती. पहिली नोंदणी नोव्हेंबर १९८९ ची. आणि मी ज्या कार्यालयाकडे गेलो होतो ते मोजत होतं नोंदणीपासून. नोंदणीचं पुस्तक माझ्याच कपाटात होतं; उघडून बघायला दोन मिनिटं लागली असती.

या नादाला नव्यानं लागलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: गाडी किती वर्षांची झाली की तिला क्लासिक म्हणायचं? असा एक आकडा नाही. पंधरा, पंचवीस, तीस, चाळीस, पन्नास, हे सगळे कुठे ना कुठे खरे आहेत. त्यामुळे आधी विचारणारा कोण ते ठरवा, मग तो कुठल्या तारखेपासून मोजतो ते बघा, आणि त्यानंतर गाडीत मूळचं किती उरलंय ते तपासा. क्रम हाच ठेवा.

१. कोणाला पटवायचंय ते आधी ठरवा

"क्लासिक" हा शब्द मुख्यतः गप्पांतला आणि जाहिरातींतला. कायद्यात बहुतेक ठिकाणी दुसरंच नाव असतं: ऐतिहासिक वाहन, संग्राह्य वाहन, व्हिंटेज. तुम्हाला नेमकं काय हवंय यावर कुठलं दार ठोठवायचं ते ठरतं. करात सूट? वेगळी नंबरपाटी? परदेशातून गाडी आणायची परवानगी? क्लबच्या फेरीत जागा? की स्वस्तातला विमा? प्रत्येकाची मोजपट्टी निराळी.

नोंदणी आणि कराचं बघा. जर्मनीत शेवटी "एच" अक्षर असलेली नंबरपाटी मिळते, तिच्यासाठी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर आल्याला निदान ३० वर्षं व्हावी लागतात आणि तज्ज्ञाचा अहवाल लागतो. फ्रान्सचं संग्राह्य वाहनाचं नोंदणीपत्रही ३० वर्षांवरच. ब्रिटनमध्ये वाहनकराची सूट आणि वार्षिक तपासणीतून मोकळीक ४० वर्षांनी. भारतात जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. तिथे शब्द "व्हिंटेज" आहे आणि वय ५० वर्षं, तेही पहिल्या नोंदणीपासून. दुचाकी आणि चारचाकी दोन्हींना लागू, पण धंद्यासाठी वापरात नसलेल्या. नंबरात "व्हीए" ही अक्षरं येतात आणि नोंदणी दहा वर्षांची असते. मात्र ती घेतली की रोजच्या कामाला गाडी काढायची नाही: प्रदर्शन, रॅली, संशोधन, आणि त्यासाठी इंधन भरणं किंवा दुरुस्तीला नेणं, एवढंच. पाटी दिसायला छान म्हणून अर्ज करणाऱ्यांनी हे कलम दोनदा वाचावं.

आयातीचे आकडे पूर्ण वेगळे. अमेरिकेत २५ वर्षांपुढच्या गाडीला तिथल्या सुरक्षा मानकांची अट लागत नाही. कॅनडात हाच उंबरठा १५ वर्षांचा. म्हणून एखादी जपानी गाडी कॅनडात दहा वर्षं आधी दिसू लागते. युरोपीय संघाचं सीमाशुल्क "संग्राहकाची वस्तू" म्हणून कमी कर लावतं, त्यासाठी साधारण तीन गोष्टी बघतात: ३० वर्षं वय, मूळ स्थिती, आणि ते मॉडेल आता बनत नसणं.

मग क्लब. जुन्या वाहनांच्या संघटनांची जागतिक शिखर संस्था म्हणजे १९६६ साली स्थापन झालेली फिव्हा. तिच्या व्याख्येत ३० वर्षं हे एक कलम झालं. बाकीची अशी की गाडी ऐतिहासिकदृष्ट्या बरोबर अवस्थेत जपलेली हवी, आणि ती रोजच्या जाण्या-येण्याचं साधन नको. अमेरिकेतला मोठा अँटिक कार क्लब २५ वर्षांवरच्या गाड्या घेतो. आणि तिथल्याच क्लासिक कार क्लबच्या लेखी "फुल क्लासिक" म्हणजे १९१५ ते १९४८ मधल्या, त्यातही निवडक उंची गाड्या. म्हणजे १९६५ ची फोर्ड मस्टँग घेऊन तुम्ही तिथे गेलात तर ती देखणी असेल, मौल्यवानही असेल, त्यांच्या अर्थानं क्लासिक नसेल.

इथेच एक शब्दाचा घोळ मिटवून टाकू. १९८५ ची गाडी विकताना "व्हिंटेज" लिहिणारे पुष्कळ भेटतील. फिव्हाच्या वर्गवारीत १९०४ अखेरपर्यंतच्या गाड्या सगळ्यात वरच्या पूर्वज गटात, १९०५ ते १९१८ व्हेटरन, १९१९ ते १९३० व्हिंटेज, १९३१ ते १९४५ उत्तर-व्हिंटेज, त्यापुढे युद्धोत्तर. ब्रिटिश क्लबांत "व्हेटरन" थोडं आधीच्या गाड्यांना म्हणतात. जाहिरातीतल्या विशेषणावर विसंबू नका, वर्ष विचारा.

२. रेघ सरकती की थांबलेली ते बघा

काही रेघा जागच्या हलत नाहीत. १९३० संपलं तिथे व्हिंटेज संपलं. आणखी पन्नास वर्षं थांबलात तरी १९३१ ची गाडी त्या गटात जाणार नाही. लंडन ते ब्रायटन ही जुन्या गाड्यांची फेरी १ जानेवारी १९०५ आधीच्या गाड्यांसाठी, आणि ती तारीख तशीच आहे.

काही रेघा दरवर्षी पुढे सरकतात, म्हणजे थांबलं की पाळी येते. आणि काही सरकता सरकता गोठतात. ब्रिटनमधली करसूट बरीच वर्षं १ जानेवारी १९७३ वर अडकून पडली होती. डिसेंबर १९७२ ची गाडी करमुक्त, जानेवारी १९७३ ची भरतेय. २०१४ मध्ये ती रेघ पुन्हा हलू लागली, आता ४० वर्षांच्या हिशोबानं.

या ४० मध्येही एक खोच आहे आणि ती भल्याभल्यांना चकवते. ब्रिटनमध्ये करसूट दर १ एप्रिलला सरकते: त्या वर्षीच्या १ जानेवारीला ज्या गाड्यांना बनून ४० वर्षं झालेली असतात त्यांना ती लागू होते. वार्षिक तपासणीची मोकळीक मात्र त्या त्या गाडीच्या स्वतःच्या चाळिसाव्या वाढदिवसापासून. एकच देश, एकच आकडा, दोन वेगळे दिवस. फेब्रुवारीत बनलेल्या गाडीला तपासणीतून सुटका आधी मिळते आणि कराची सूट पुढच्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत लांबते. शिवाय तपासणी माफ झाली म्हणजे ब्रेक आपोआप बरे झाले असं नाही. गाडी रस्त्यावर चालण्याजोगी ठेवायची जबाबदारी तुमचीच राहते. मी स्वतः दरवर्षी तपासून घेतो.

३. गाडीची जन्मतारीख शोधून काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे थोडं रेंगाळू. गाडीला किमान तीन तारखा असतात: कारखान्यातून बाहेर पडल्याची, पहिल्या नोंदणीची, आणि "मॉडेल वर्ष" नावाची एक तिसरी, जी प्रत्यक्षात तारीखच नसते. परदेशातून आणलेल्या गाडीला चौथीही असते, नव्या देशातल्या नोंदणीची. विकणारा यांतली त्याला सोयीची सांगतो. नेहमी फसवायलाच सांगतो असं नाही. बऱ्याचदा त्यालाही एकच माहीत असते.

मॉडेल वर्ष कसं चकवतं बघा. फोक्सवॅगनचं मॉडेल वर्ष ऑगस्टमध्ये सुरू व्हायचं. म्हणजे "१९७४ मॉडेल" म्हणून विकलेली व्हॅन ऑगस्ट १९७३ मध्ये बनलेली असू शकते. बनल्याच्या दिवसापासून मोजणाऱ्या कार्यालयाकडे हा फरक तुमच्या फायद्याचा. याउलट अमेरिकेत आयात करताना महिनाही बघतात: २५ वर्षं मोजायची ती उत्पादनाच्या महिन्यापासून, मॉडेल वर्षापासून नव्हे. ऑगस्ट १९८९ मध्ये बाजारात आलेल्या निसानच्या आर३२ स्कायलाइन जीटी-आरच्या पहिल्या गाड्यांना २०१४ मध्ये दार उघडलं, पण त्याच मालिकेतल्या नंतरच्या गाड्यांना आपापला महिना येईपर्यंत ताटकळावं लागलं. जहाजावर आधी चढवून मग महिने मोजणाऱ्यांची गाडी बंदरात अडकते.

शोधायचं कसं:

पहिलं, पाटी. बोनेटखाली, ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा सीटच्या मागे एक धातूची पाटी किंवा चिकटपट्टी असते. कधी त्यावर महिना-वर्ष सरळ लिहिलेलं असतं, कधी सांकेतिक आकडे असतात.

दुसरं, चासीवर ठोकलेला नंबर. पाटी दोन रिव्हेटांवर असते, ती एका गाडीवरून काढून दुसरीवर लावता येते. ठोकलेला नंबर असा हलत नाही. पाटीवरचा, चासीवरचा आणि कागदावरचा, तिन्ही नंबर अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. एक जरी जुळला नाही तर वयाचा विषय बाजूला ठेवा आणि पैसे द्यायचे थांबा. गंजलेला नंबर वाचायला त्यावर सँडपेपर किंवा ग्राइंडर कधीही चालवू नका. नंबराशी छेडछाड झाल्याचा संशय आला की गाडी कितीही जुनी असो, तुमची सुटका नाही. मऊ ब्रशनं आणि जरा डिझेलनं मळ काढा, वर पातळ कागद धरून पेन्सिल घासा. छाप उमटतो.

१९८१ पासून अमेरिकी बाजारात १७ अक्षरांचा चासी नंबर सक्तीचा झाला आणि हळूहळू तो जगभर रुळला. त्यात आय, ओ आणि क्यू ही अक्षरं कधीच नसतात, कारण ती एक आणि शून्याशी घोटाळतात. दिसली तर तुम्ही चुकीचं वाचताय. अमेरिकी बाजाराच्या गाड्यांत दहावं अक्षर मॉडेल वर्ष सांगतं: बी म्हणजे १९८१, जे म्हणजे १९८८, वाय म्हणजे २०००, पुढे १ ते ९ हे आकडे २००१ ते २००९ साठी, आणि २०१० ला पुन्हा ए पासून सुरुवात. पण हे मॉडेल वर्ष, उत्पादनाचं नव्हे. युरोपीय बाजारासाठी बनलेल्या बऱ्याच गाड्यांत त्या जागी वर्ष नसतंच, नुसतं भरताड अक्षर असतं. नंबरावरून माहिती सांगणाऱ्या नेटवरच्या डिकोडरला हे कळत नाही. तो बिनदिक्कत काहीतरी वर्ष सांगून मोकळा होतो.

१९८१ आधीच्या गाड्यांत प्रत्येक कंपनीची आपली तऱ्हा. साठच्या दशकाच्या मध्यापासून फोक्सवॅगनच्या नंबरात तिसरा आकडा मॉडेल वर्षाचा शेवटचा आकडा असे: २१५ नं सुरू होणारा नंबर म्हणजे १९६५ च्या मॉडेलची व्हॅन. तुमच्या गाडीची रीत त्या मॉडेलच्या क्लबात कुणीतरी तोंडपाठ सांगतो.

तिसरं, संग्रहालय. काही कंपन्यांच्या उत्पादनाच्या वह्या शाबूत आहेत. ब्रिटनमधल्या गेडन इथल्या मोटार संग्रहालयाकडून अनेक जुन्या ब्रिटिश गाड्यांचा हेरिटेज दाखला मिळतो. वोल्फ्सबुर्गच्या फोक्सवॅगन संग्रहालयाकडून गाडीचा जन्मदाखला. मर्सिडीजच्या गाडीसोबत डेटा कार्ड असायचं, त्यावर ती कुठल्या रंगात, कुठल्या इंजिनासह निघाली ते सगळं. शुल्क लागतं, वेळ लागतो, पण वादाच्या वेळी हा कागद बाकी सगळ्या कागदांवर मात करतो.

यातलं काहीच हाती नसेल तर गाडीचे भागच साक्षीदार. इंजिनाच्या ओतीव ब्लॉकवर ओतल्याची तारीख असू शकते, काचेच्या कोपऱ्यात वर्षाची खूण असते, सीटबेल्टच्या शिवलेल्या चिठ्ठीवर वर्ष असतं. एकट्या भागावर विश्वास नको, कारण काच फुटते आणि बदलली जाते. पण चार काचा आणि दोन पट्टे एकच वर्ष सांगत असतील तर गाडी त्यांच्यानंतर थोड्याच दिवसांत जुळली असणार. टायरकडे मात्र या कामासाठी बघू नका. त्यावरचा चार आकडी आठवडा-वर्षाचा शिक्का टायर फेकायचा कधी ते सांगतो.

४. मॉडेलच्या वयाला भुलू नका

अँबॅसॅडर दिसली की लोक म्हणतात, क्लासिक आहे! घाट तसा आहेच. मूळ मॉरिस ऑक्सफर्डचा, पन्नासच्या दशकातला. पण ती २०१४ पर्यंत बनत होती. २००८ ची अँबॅसॅडर ही २००८ चीच गाडी, तिचा चेहरा किती का म्हातारा असेना. हेच बीटलचं, जिची शेवटची गाडी मेक्सिकोत जुलै २००३ मध्ये बाहेर पडली. मूळ मिनी १९५९ पासून ऑक्टोबर २००० पर्यंत बनली. दुसऱ्या पिढीची फोक्सवॅगन व्हॅन, १९६७ चा नमुना, ब्राझीलमध्ये कोंबी या नावानं २०१३ अखेरपर्यंत. मूळ लँड रोव्हर डिफेंडर जानेवारी २०१६ पर्यंत.

अशा दीर्घायुषी मॉडेलांत दोन धोके. एक सरळ: नवी गाडी जुनी म्हणून गळ्यात मारली जाते, जुने दिवे आणि जुनं बंपर लावून. दुसरा कमी माहीत असलेला: युरोपीय संघाच्या नियमांत ऐतिहासिक वाहनासाठी "तो प्रकार आता बनत नसावा" अशीही अट आहे. म्हणजे वय पुरेसं असूनही मॉडेल चालू असेल तर प्रश्न उभा राहू शकतो. आता ही सगळी मॉडेलं बंद झाली, त्यामुळे ही अडचण विरत चालली आहे.

५. मूळचं किती उरलंय ते तपासा

वय भरलं आणि तरी अर्ज फेटाळला गेला, असं होण्याचं मुख्य कारण हे. माझंही दुसरं अडखळणं इथलंच. चौदा महिने थांबून दुसऱ्यांदा गेलो, तेव्हा तपासणाऱ्यानं बोनेट उघडलं, आत वाकून बघितलं आणि विचारलं, "हे इंजिन कुठलं?" आधीच्या मालकानं मोठं इंजिन बसवलं होतं, दुसऱ्याच मॉडेलचं, आणि ते वीसेक वर्षं नंतरचं. गाडी छान ओढत होती म्हणून मी खूश होतो.

सगळीकडे साधारण याच भागांकडे नजर जाते: चासी किंवा सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, अॅक्सल आणि सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक, बॉडीचा आकार. भारताच्या नियमातही चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा बदल नको असंच आहे. ब्रिटनमध्ये तपासणीतून सुटका हवी असेल तर गेल्या ३० वर्षांत "मोठा बदल" झालेला नसावा.

मग काहीच बदलायचं नाही का? तसं नाही.

झिजलेला भाग त्याच जातीच्या भागानं बदलला, तर ती दुरुस्ती. पिस्टन, क्लच, पत्र्याचे गंजलेले तुकडे, वायरिंग, यांनी गाडीचं वय कमी होत नाही. त्या काळात होत असलेला बदलही बहुधा चालतो, आणि इथे दोन देशांचे दोन "दहा" आहेत. जर्मनीत गाडीच्या पहिल्या नोंदणीनंतरच्या दहा वर्षांत झालेले, किंवा त्या काळी सर्रास होऊ शकले असते असे बदल मान्य होतात. ब्रिटनमध्ये त्या मॉडेलचं उत्पादन संपल्यानंतरच्या दहा वर्षांत जे बदल रूढ होते ते. दहा तोच, मोजायची सुरुवात वेगळी. अॅक्सल आणि ब्रेकमध्ये सुरक्षिततेसाठी केलेली सुधारणा ब्रिटनमध्ये मोठा बदल धरत नाहीत. मूळ भाग मिळतच नाही म्हणून पर्यायी बसवला, यालाही सूट आहे.

आजकालचा प्रश्न: विजेवर चालणारी केली तर? फिव्हाच्या लेखी ती मग ऐतिहासिक वाहन राहत नाही. करायचंच तर मूळ इंजिन आणि भाग जपून ठेवून, परत फिरवता येईल अशा रीतीनं करा, असं ती सांगते. मला स्वतःला यात काही गैर वाटत नाही, पण दोन्ही हवं म्हणू नका.

माझ्या इंजिनाचं काय झालं? मूळ जातीचं एक इंजिन शोधलं, सात महिन्यांनी मिळालं. चढावर आता मागचे हॉर्न वाजवतात.

६. व्हॅन असेल तर

मोटारी जपल्या जातात, व्हॅन राबवल्या जातात. माल भर, आपट, गंजू दे, शेवटी भंगारात. म्हणून एकाच वर्षाच्या मोटारीपेक्षा धड व्हॅन मिळणं अवघड, आणि मिळाली तर तिच्यात केलेली ठिगळं जास्त. व्हॅन घेताना तिच्या पूर्वायुष्याबद्दल खोदून विचारा.

कागदावर तिचा प्रकार काय लिहिलाय ते बघा: मालवाहू, प्रवासी की कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेली. व्यापारी वापर चालू असेल तर बहुतेक सवलती जातात. ब्रिटनमध्ये धंद्यासाठी चालवलेल्या गाडीला ऐतिहासिक म्हणून करसूट नाही, आणि मोठ्या मालगाड्यांना तपासणीतली सुटकाही नाही. शनिवारी बाजारात कॉफी विकायची आणि सोमवारी ती ऐतिहासिक म्हणायची, हे जमत नाही.

मालवाहू व्हॅनला खिडक्या कापून कॅम्पर केलेलं असेल तर ते कधी केलं हा प्रश्न येतो. त्या काळीच, एखाद्या नावाजलेल्या कारागिरानं केलं असेल तर तो तिच्या इतिहासाचा भाग. गेल्या दशकात नव्या प्लायवूडनं आणि छताला कापून केलं असेल तर जर्मनीसारख्या ठिकाणी तज्ज्ञ नाक मुरडणार. जुनी पावती, जुना फोटो, आतल्या गॅसच्या शेगडीवरची पाटी, यांतलं काहीही तारीख सिद्ध करायला चालतं. फोक्सवॅगनच्या जुन्या व्हॅनमध्ये सांकेतिक आकड्यांची एक छोटी पाटी असते, तिच्यावरून ती कारखान्यातून कशी निघाली ते कळतं. रंगकाम करताना ती काढून टाकू नका. मी एकदा एक अशी पाटी पुट्टीखाली गाडलेली पाहिलीय.

७. अर्जाला लागणारं सामान

देशागणिक यादी थोडी बदलते, पण हे जमवून ठेवलंत तर कुठेही अडत नाही:

- नोंदणीचं मूळ पुस्तक, आणि आधीच्या मालकांचे जुने कागद असतील तर तेही
- आयात केलेली असेल तर सीमाशुल्काचे कागद आणि मूळ देशातली नोंदणी
- कंपनीचा किंवा संग्रहालयाचा उत्पादन दाखला
- चासी नंबराचा पेन्सिलछाप, पाटीचा आणि इंजिन नंबराचा स्वच्छ फोटो
- चारही बाजूंचे, आतले, बोनेटखालचे आणि खालून काढलेले फोटो
- झालेल्या कामांच्या पावत्या, तारखेनुसार लावलेल्या
- चालू विमा

हत्यारांत विजेरी, दांडीवरचा छोटा आरसा, मऊ ब्रश, पातळ कागद, पेन्सिल आणि लोहचुंबक. चुंबक पत्र्यावर फिरवा. चिकटला नाही तिथे पुट्टी आहे.

मूळ कागद कधीही टपालानं पाठवू नका, मागितले तरी आधी साक्षांकित प्रत चालेल का विचारा. पहिल्या अर्जात माझं जुनं सेवा-पुस्तक गेलं ते परत आलंच नाही.

८. विमा वेगळा विचारा

विमा कंपनीचं "क्लासिक" सरकारच्या व्याख्येला बांधलेलं नसतं. काही कंपन्या नोंदणी खात्याच्या कितीतरी आधी गाडीला त्या योजनेत घेतात, काही वयाबरोबर मॉडेलही बघतात. अटी साधारण अशा: वर्षाला ठरावीक किलोमीटर, बंद जागेत पार्किंग, रोजच्या वापरासाठी घरात दुसरी गाडी. महत्त्वाचं म्हणजे आधी ठरलेल्या किमतीचा विमा घ्या. साध्या विम्यात गाडी जितकी जुनी तितकी किंमत उतरते, आणि अपघातानंतर हातात भंगाराचा भाव पडतो. कुठलाही बदल लपवू नका. इंजिन बदललेलं असताना मूळ लिहिलं तर दावा तिथेच संपतो.

९. वय अजून भरत नसेल तर

पंधरा ते तीस हा गाडीच्या आयुष्यातला सगळ्यात वाईट काळ. नवी नाही, जुनी म्हणून मान नाही. जपानमध्ये तर पेट्रोल गाडीला १३ वर्षांनंतर जास्त कर पडतो. युरोपात विशीपुढच्या गाड्यांना "यंगटाइमर" म्हणतात. बाजारात या नावाला किंमत आहे, नोंदणी कार्यालयात सहसा नाही.

या काळात तीन कामं करा. पावत्या जपा. काढलेला प्रत्येक मूळ भाग, अगदी रेडिओ आणि चाकाच्या टोप्याही, चिठ्ठी लावून ठेवा. आणि गाडी उभीच ठेवायची असेल तर नोंदणी मोडीत काढण्याआधी चौकशी करा; काही ठिकाणी खंडित नोंदणी पुन्हा जिवंत करणं हे नवी घेण्यापेक्षा त्रासाचं असतं.

आणि हो, नोंदणीचं पुस्तक आत्ताच कपाटातून काढा. पहिल्या नोंदणीची तारीख आणि पाटीवरची तारीख, दोन्ही एका कागदावर लिहा, आणि त्या कार्यालयाला एकच प्रश्न लेखी विचारा: तुम्ही यांतल्या कुठल्या तारखेपासून मोजता?